धाकटीचं परत येणं

बाई लिहायला लागल्या त्या कवितांपासून, आणि त्या कवितांची पहिली श्रोती होती त्यांची धाकटी बहीण. दोघी एकाच खोलीत झोपायच्या. खोली एवढी अरुंद, की थोरलीने लिहायला बसायचं तर धाकटीने पाय मुडपून घ्यायचे. थोरली कविता वाचायची, धाकटी ऐकता ऐकता झोपून जायची आणि सकाळी विचारलं की बेधडक सांगायची, "छान होती. शेवटाकडे जरा ताणली होतीस." पुढे बाईंच्या नावाला वजन आलं तेव्हा त्या भाषणात सांगायच्या, की समीक्षेचे पहिले धडे मी एका झोपलेल्या माणसाकडून घेतले. लोक हसायचे. धाकटी सभेला असली तर तीही हसायची.

'बाई' हे नाव त्यांना साहित्याच्या जगाने दिलं. घरात त्या ताईच होत्या. कवितांचे दोन संग्रह निघाले, कौतुक झालं, पण कौतुकाने पोट भरत नाही. म्हणून त्या एका वाङ्मयीन मासिकात मुद्रितं तपासायला लागल्या. आधी दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसायच्या, मग हळूहळू मोठ्या चुका दिसायला लागल्या. एकदा संपादकांनी एक नवं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. "बघा, चार ओळी लिहिता आल्या तर." बाईंनी चार पानं लिहिली. त्या पुस्तकाचा लेखक त्यानंतर मासिकाच्या जिन्याकडे फिरकला नाही. तेव्हापासून लिहिणारी मंडळी बाईंना वचकून राहायला लागली.

धाकटी दातांच्या लॅबमध्ये होती. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे, त्यावरून ती साचे काढायची, मेणाच्या हिरड्या कोरायची, त्यात एकेक दात बसवून कवळी तयार करायची. वडील पाहुण्यांना दोघींची ओळख करून देताना म्हणायचे, "ही थोरली, लोकांचे दात पाडते. ही धाकटी, बसवून देते."

बाईंनी लग्न केलं नाही. धाकटीने केलं. तिचा नवरा पाणीपुरवठा खात्यात होता, भला माणूस, पण दिवसाकाठी दहा शब्द बोलला तरी खूप. त्यांना एक मुलगा झाला. इतका गुटगुटीत, की आजीने त्याचं नाव ढब्बू पाडलं. पुढे कॉलेजात जाईपर्यंत वाळून काडी झाला, तरी घरात ढब्बूच राहिला.

ढब्बू तीन वर्षांचा असताना धाकटी एका सकाळी लॅबला म्हणून निघाली आणि संध्याकाळी परत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी मासिकाच्या कचेरीत बाईंना फोन आला. "ताई, मी बरी आहे. मला शोधू नका. ढब्बूकडे बघा." बराच वेळ समजूत घातल्यावर तिने पत्ता सांगितला, तोही एकट्या ताईला. परगावी एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिने खोली घेतली होती आणि तिथल्याच एका लॅबमध्ये काम धरलं होतं. घरच्यांनी शेजारीपाजारी सांगितलं, की लॅबने तिला शिकायला बाहेरगावी पाठवलंय. शेजाऱ्यांनी 'हो का' म्हटलं आणि आपापसात काय बोलायचं ते बोलले.

बाई रविवार साधून तिच्याकडे जायच्या. खाली हातोड्याची ठकठक चाललेली असायची, वर धाकटी खाटेवर भिंतीला टेकून बसायची आणि तुटक तुटक बोलायची. घर सोडायच्या आधी एका दुपारी ढब्बूला आंघोळ घालायची होती. बंबातलं कढत पाणी तिने तांब्यात घेतलं होतं. बादलीतल्या गार पाण्यात ते मिसळायचं, एवढं साधं काम. तो समोर उघडा बसून हसत होता. आणि तिच्या मनात आलं, की हे असंच त्याच्या अंगावर ओतलं तर? ओतलं नाही. पण हातातला तांब्या खालीही ठेवता येईना. सासू हाक मारत आली तेव्हा कुठे हात सुटला. मग ते रोज मनात यायला लागलं. जिन्यात, गच्चीवर, भाजी चिरताना.

"मला माझ्या हातांची भीती वाटते, ताई," ती म्हणायची. "तिथे राहिले तर एक दिवस मी त्याला काहीतरी करीन."

बाईंनी तिला तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. बहिणीने करावं ते सगळं केलं. पण त्या खोलीत त्यांच्यातली बहीण एकटी नव्हती. धाकटी बोलायला लागली की बाईंचं लक्ष तिच्या शब्दांवर, शब्द अडतो कुठे यावर, खालच्या हातोड्यावर, खिडकीत अडकवलेल्या ओल्या पोलक्यावर, सगळ्यावर असायचं. घरी परतताना गाडीत त्यांना रडू यायचं, आणि रडता रडता वाक्यं जुळायची.

वर्ष व्हायच्या आत धाकटी बरी होऊन घरी परतली. नंतर दोन वर्षांनी बाईंची कादंबरी आली.

त्यात त्यांनी सगळं बदललं होतं. नायिका नाटकातली नटी होती, गाव वेगळं होतं, नवरा बोलघेवडा होता. जाण्याचं कारणही बदललं होतं. कढत पाण्याचा तांब्या त्यांनी ठेवला नाही. तो ठेवला तर धाकटी उघडी पडेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी स्वतःलाही मोठ्याने सांगितली नाही. आजारी बाई घर सोडते, यात त्यांना कादंबरी दिसत नव्हती. स्वतःसाठी घर सोडणारी बाई मात्र त्या काळाला हवी होती. तर त्यांची नायिका संसाराला विटून जाते, मुलाला खिडकीत बसवून जाते, आणि मैत्रिणीला म्हणते, "मूल म्हणजे आईच्या दाराला बाहेरून लावलेली कडी." शेवटी ती परत येत नाही. दार उघडं राहतं आणि कादंबरी संपते.

कादंबरीने बाईंना कुठल्या कुठे नेऊन ठेवलं. आवृत्त्या निघाल्या, दुसऱ्या भाषांत गेली, पुरस्कार मिळाले. कडीचं वाक्य तर घरोघरी पोचलं, भाषणांत, भित्तिपत्रकांवर, कुठे कुठे. ज्यांनी बाईंच्या कविता कधी वाचल्या नव्हत्या, त्यांनाही ते तोंडपाठ होतं. धाकटीला पहिली प्रत दिली तेव्हा ती म्हणाली, "वेळ मिळाला की वाचते." नंतर तिने विषय काढला नाही. बाईंनीही काढला नाही. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं दोघींनी न बोलता ठरवलं.

अशी बरीच वर्षं गेली. मग ती कादंबरी कॉलेजच्या अभ्यासक्रमात लागली. ज्या वर्षी लागली त्याच वर्षी ढब्बू दुसऱ्या वर्षाला होता, आणि भाषेचा पेपर सगळ्यांना सक्तीचा होता.

त्याच्या कॉलेजने बाईंना बोलावलं. शिकवणाऱ्या मॅडम तरुण होत्या, बाईंना बघून त्यांचा आवाज कापत होता. वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती, पोरं खिडकीच्या कठड्यावरसुद्धा बसली होती. ढब्बू मागून दुसऱ्या बाकावर होता. आपली मावशी आहे हे त्याने कुणाला सांगितलेलं दिसत नव्हतं. संकोच असेल, असं बाईंना वाटलं आणि मनातून थोडं कौतुकही वाटलं.

एका मुलीने कडीच्या वाक्याबद्दल विचारलं. बाईंनी नेहमीचं उत्तर दिलं, नेहमीच्या रंगतीने. मग मागून ढब्बू उभा राहिला.

"बाई," तो म्हणाला. मावशी नाही, बाई. "त्या मुलाचं पुढे काय झालं?"

"कुठल्या मुलाचं?"

"आई जाते तेव्हा खिडकीत बसलेला असतो, त्याचं. तो मोठा झाला असेल ना?"

वर्गात खसखस पिकली. बाईंना सभा जिंकायची सवय होती. त्या म्हणाल्या, "अहो, ही आईची कादंबरी आहे. मुलाची हवी असेल तर मुलाने लिहावी!"

टाळ्या पडल्या. ढब्बू खाली बसला आणि कार्यक्रम संपेपर्यंत बाकावर नखाने काहीतरी कोरत राहिला.

दोन-तीन दिवसांनी तो बाईंच्या घरी आला. चपला न काढताच दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, तो मुलगा मी आहे ना?"

"आत तरी ये आधी," बाई म्हणाल्या. "हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?"

तो आत येऊन बसला. बाईंनी चहा ठेवला, तेवढाच विचाराला वेळ. त्याने सांगितलं, ते असं. पुस्तक आणलं त्या दिवशी शेजारच्या काकूंनी ते त्याच्या हातात बघितलं आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, 'अगबाई, हे आता कॉलेजातसुद्धा शिकवतात?' त्याला काही कळलं नाही. मग पुस्तक वाचलं आणि काहीतरी खटकलं. त्याने घरातले जुने फोटो काढले.

"माझ्या चौथ्या वाढदिवसाचे फोटो आहेत. आजी आहे, तू आहेस, शेजारची पोरं आहेत. आई कुठेच नाही. बाबा म्हणतात, फोटो तीच काढत होती. पण मागे कपाटाचा आरसा आहे, मावशी. त्यात फोटो काढणारा दिसतो. बाबाच आहेत."

बाईंनी कप त्याच्यापुढे ठेवला. "ढब्बू, कादंबरी ही कादंबरी असते. लिहिणारा माणूस दहा ठिकाणचं..."

"ते वर्गात सांग. मला फक्त एवढं सांग, ते कडीचं वाक्य आई म्हणाली होती?"

"नाही. ते माझं आहे. संपूर्ण माझं."

"नक्की?"

"अगदी शपथेवर."

तो जरा सैलावला. मग त्याने विचारलं, "मग ती का गेली?"

उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. पण ते सांगायचा हक्क आपला नाही एवढं भान त्यांना त्या क्षणी राहिलं. त्या म्हणाल्या, "ते तिलाच विचार."

ढब्बू त्यांच्याकडे बघत राहिला. "म्हणजे गेली होती," तो म्हणाला.

जन्मभर एकेक शब्द पारखून घेतलेल्या बाईंच्या तोंडून तीन शब्द निसटले होते, आणि ते परत घेता येणार नव्हते. ढब्बू उठला. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई धाकटीच्या लॅबमध्ये गेल्या. खोलीत सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ होती. फळीवर लोकांचे जबडे ओळीने मांडलेले, वितळलेल्या मेणाचा गोडसर वास. धाकटी खिडकीजवळच्या स्टुलावर बसून मेणाची हिरडी कोरत होती.

"ताई? आज कशी वाट चुकलीस?"

बाईंनी सगळं सांगितलं. धाकटीचा हात थांबला.

"तू त्याला सांगितलंस?"

"नाही ग. 'तिलाच विचार' एवढंच म्हणाले."

"म्हणजे सांगितलंसच."

तिने कोरणी खाली ठेवली. बरोबर काम करणाऱ्या मुलीला म्हणाली, "जरा बाहेर जाऊन येतेस?" मुलगी गेल्यावर ती बराच वेळ अॅप्रनला हात पुसत राहिली.

"मी तुझं पुस्तक निघालं त्याच आठवड्यात वाचलं होतं," ती म्हणाली. "इथेच, या स्टुलावर बसून."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"कशाला? ज्याच्या त्याच्या तोंडी तुझं कौतुक होतं. त्यात मी कुठे मिठाचा खडा टाकू?"

"मी सगळं बदललं होतं. कुणी तुला ओळखू नये म्हणूनच बदललं."

"ओळखायचं त्यांनी ओळखलंच. सासूबाईंना बायका विचारायच्या, सूनबाई काय म्हणतात, आता कुठली नाटकं? तू बाहेरची मी ठेवलीस ताई, आणि आत भलतीच बाई घातलीस. मी पोराला कंटाळून गेले असं आख्खी आळी धरून चालली. आता तोही तेच धरून चाललाय. मी त्याला कंटाळले नव्हते. तुला माहीत होतं. घराबाहेर तुला एकटीला माहीत होतं."

बाई बोटांना लागलेली पांढरी धूळ पुसत राहिल्या.

"आणि एक सांगू? जाणं काही अवघड नव्हतं. गाडीत बसले, गेले. अवघड होतं ते परत येणं. ते कुठे आहे तुझ्या पुस्तकात?"

एका मोठ्या कादंबरीकाराच्या पुस्तकावर लिहिताना बाईंनी एकदा म्हटलं होतं, की याला शेवट सापडला नाही म्हणून याने नायकाला बोटीत बसवून दिलं. वाक्य फार गाजलं होतं. ते आता त्यांना आठवलं आणि मान वर करवेना.

"ते मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "परत आल्यावर तू काही बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस. मी तिथे होते तोवर रविवार चुकवला नाहीस. परत आले आणि तुझं येणं आटलं. तुला हवं होतं तेवढं मिळालं होतं."

हे ती चिडून बोलली असती तर बाईंना सोसलं असतं. ती साधं बोलत होती. मग तिने कोरणी उचलली. "आज घरी गेले की मीच सांगते त्याला. तू मध्ये पडू नकोस."

तिने सांगितलं. काय आणि कसं, ते बाईंना चार दिवसांनी कळलं, आणि कळलं ते धाकटीच्या नवऱ्याकडून. तो कधी एकटा बाईंच्या घरी आला नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी मागून घेतलं, आणि सावकाश बोलायला लागला. एवढं बोलताना बाईंनी त्याला आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"सगळं ऐकून घेतलं त्याने, ताई. मध्ये एक शब्द नाही. शेवटी एवढंच विचारलं, 'ते पाणी किती गरम होतं?' ती म्हणाली, 'खूप.' मग तो उठला, पिशवी भरली आणि मित्राच्या खोलीवर गेला. तिकडेच आहे."

"मी जाऊन समजावू त्याला?"

"नको," तो पटकन म्हणाला. मग थांबून, "तुमच्या पुस्तकाबद्दल मी कधी बोललो नाही. मला त्यातलं कळत नाही. पण ती त्या दिवशी म्हणाली, ताईला परत येणं माहीतच नाही. म्हटलं, निदान तुम्हाला तरी माहीत असावं."

आणि त्याने सांगितलं. धाकटी आली ती भर दुपारी. ढब्बूने दार उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि आत वळून ओरडला, 'आजी, कोणी काकू आल्यात.' ती आत आली नाही. संध्याकाळपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसून होती, आणि नवरा कामावरून आल्यावर त्याच्या मागून घरात शिरली. पुढे कितीतरी दिवस पोरगं तिच्या हातचं खात नव्हतं. सासू त्या दोघांना एकटं सोडत नव्हती. लोकांना वाटायचं सासूचा जाच आहे. तसं नव्हतं, धाकटीनेच तिला तसं सांगून ठेवलं होतं.

"आंघोळ मीच घालायचो त्याला. ती मोरीच्या दाराशीसुद्धा यायची नाही. बरी झाली होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण तिचा स्वतःवर भरवसा नव्हता. असं बरेच महिने चाललं. मग एक दिवस तोच हट्ट धरून बसला, आज आई घालेल. मी तिच्याकडे बघितलं. ती गेली आत. आणि बंब पेटवलाच नाही तिने. गार पाण्याने घातली. थंडीचे दिवस होते. दोघं दात वाजवत बाहेर आली. तो हसत होता."

तो थांबला. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्याच्या मागे, त्यांच्या इच्छेविरुद्ध, काहीतरी हालायला लागलं होतं. दुपारचं दार. 'कोणी काकू आल्यात.' पायरीवर बसलेली बाई. याच्यापुढे आपली ती गाजलेली कादंबरी म्हणजे पोरखेळ, हे त्यांच्यातल्या समीक्षकाला लख्ख दिसत होतं, आणि कादंबरीकार बाई पहिल्या वाक्याशी येऊन पोचल्या होत्या.

"हे लिहू नका, ताई," धाकटीचा नवरा म्हणाला.

"छे, मी कुठे लिहितेय!"

त्याने नुसतं टेबलाकडे बघितलं. बाईंचा हात तिथल्या पेनवर होता. त्यांनी तो उचलून मांडीवर घेतला.

त्या आठवड्यात प्रकाशकाचा माणूस नव्या आवृत्तीचं मुखपृष्ठ घेऊन आला. मोठ्या अक्षरांत कडीचं वाक्य, खाली बाईंचं नाव. बाई म्हणाल्या, "छापू नका."

"दुसरं चित्र करू?"

"चित्राचं नाही म्हणत. पुस्तकच छापू नका. यापुढे नको."

त्याला वाटलं बाई थट्टा करतायत. मग प्रकाशक स्वतः आले, जुने संबंध काढले, हात जोडले, रागावले. "निदान कारण तरी सांगा!" कारण सांगता येत नव्हतं, तिथेच तर सगळं अडलं होतं. बाई नाहीवर ठाम राहिल्या आणि पुस्तकाचं छापणं थांबलं.

मग त्या अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या. पुस्तक काढून टाका म्हणाल्या. अध्यक्ष आधी हसले, मग त्यांना ठसका लागला. "बाई, आमच्याकडे लोक पुस्तक लावा म्हणून जोडे झिजवतात. काढा म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच." ठरलेली वर्षं पुरी होईपर्यंत ते काढता येणार नव्हतं. नव्या प्रती नाहीत म्हटल्यावर मुलांनी जुन्या प्रतींच्या झेरॉक्स काढल्या. कडीचं वाक्य काळ्या, पुसट अक्षरांत वर्गावर्गातून फिरतच राहिलं. सुटलेला बाण आणि छापलेलं वाक्य, दोन्ही सारखीच, हे बाईंना आता या वयात समजत होतं.

साहित्याच्या जगाला चघळायला विषय मिळाला. कुणी म्हणालं, प्रसिद्धीची नवी युक्ती. कुणी म्हणालं, वय झालं. एका तरुण समीक्षकाने लांबलचक लेख लिहिला, की ज्या नायिकेने एका पिढीला धीर दिला तिलाच आज तिची लेखिका घाबरते आहे. लेख चांगला होता. बाईंनी दोनदा वाचला. तो साफ चुकीचा होता, आणि त्या त्याच्या वयाच्या असत्या तर त्यांनी हुबेहूब तोच लिहिला असता. उत्तर द्या म्हणून मासिकातून निरोप आला. त्यांनी दिलं नाही.

ढब्बूचा बाप रोज कामावरून सुटला की मुलाच्या मित्राच्या खोलीवर जायचा. बोलायचा नाही, नुसता बसायचा, आणि अंधारून आलं की उठायचा. ढब्बूनेच बाईंना नंतर हे सांगितलं. "मला वाटायचं समजवायला येतात. ते यायचे आणि पंख्याकडे बघत बसायचे. शेवटी मलाच लाज वाटली." एका संध्याकाळी तो बापाबरोबर घरी आला. आईने दार उघडलं तेव्हा 'कपडे धुवायचेत' म्हणाला, आणि राहिला. पण बरेच दिवस आईशी कामापुरतंच बोलायचा. तिने वाढलेलं जेवायचा, खाली मान घालून.

परीक्षेचा निकाल लागल्यावर तो मावशीकडे येऊन गेला. हा आपणहून आला याचाच बाईंना आनंद झाला.

"तुझ्या कादंबरीवर प्रश्न आला होता," तो म्हणाला. "नायिकेचा निर्णय तुम्हांस योग्य वाटतो का, सकारण लिहा."

"काय लिहिलंस?"

"मॅडमना हवं ते. योग्य आहे म्हणून. कारणंही दिली, तीन पानं. कडीचं वाक्य घातलं, अवतरणचिन्हात. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले."

त्याने हे इतक्या सरळ सांगितलं, की हा टोला आहे की समेट, ते बाईंना ओळखता येईना. माणसाच्या बोलण्यातली मेख काढण्यात ज्यांचा हात कुणी धरत नव्हतं, त्या नुसतं 'बरं झालं' म्हणाल्या. तो जाताना वाकून त्यांच्या कपाटातलं एक पुस्तक घेऊन गेला. कवितांचं होतं.

त्यानंतर बाईंच्या हातून कादंबरी झाली नाही. लोक विचारायचे, त्या म्हणायच्या, "सुचत नाही." सुचत नव्हतं असं नाही. एकच गोष्ट सुचत होती, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत अख्खी तयार, आणि ती कागदावर येणार नव्हती. ती डोक्यात घेऊन त्या बाजारात जायच्या, रांगेत उभ्या राहायच्या, दुसऱ्यांची पुस्तकं वाचायच्या. परीक्षणं लिहीत राहिल्या, पण पूर्वीची धार गेली असं सगळेच म्हणायला लागले. खरंही होतं. कुठल्याही पुस्तकावर दोन कडक ओळी लिहिल्या की त्या थांबायच्या. यातली कोण कुठल्या घरात जिवंत असेल, असं मनात यायचं. अधूनमधून एखादी कविता व्हायची, आठ-दहा ओळींची, कुणाबद्दलच नसलेली.

रविवारी त्या पुन्हा धाकटीकडे जायला लागल्या. धाकटीने ये म्हटलं नाही, येऊ नकोसही म्हटलं नाही. पहिल्या खेपेला दोघी वाटाणे सोलत बसल्या आणि महागाईवर बोलल्या. पुढे हळूहळू गप्पा वाढल्या. लॅबमध्ये आलेली चमत्कारिक गिऱ्हाइकं, सासूचे गुडघे, वडिलांच्या जुन्या थट्टा. धाकटी हसायची, बाईंना हसवायची. वरून बघणाऱ्याला वाटलं असतं, दोघींचं सगळं पहिल्यासारखं झालं.

असाच एक रविवार होता. धाकटी इस्त्री करत होती, बाई घड्या घालत होत्या. ढब्बूचा शर्ट हातात घेऊन धाकटी एकदम थांबली. तिचा चेहरा उजळला.

"ताई, परवा काय झालं माहितीये? ढब्बू माझ्याजवळ येऊन बसला. आपणहून. आणि मला म्हणाला..."

बाईंनी हातातली घडी खाली ठेवली.

धाकटीने वर बघितलं. बहीण किती टक लावून ऐकते आहे, ते तिला दिसलं. तिने इस्त्री पुन्हा उचलली आणि कॉलरवरून फिरवली.

"काय म्हणाला?"

"काही नाही ग, असंच," धाकटी म्हणाली. "तू चहा घेशील ना?"

बाई 'घेते' म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.